होस्टेज की प्रिझनर? शाहू-येसूबाईंना इंग्रजीत नेमकं काय म्हणावं

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. दिवाळीनंतर अकरावीच्या मुलांना माचणूर-ब्रह्मपुरीला न्यायचं ठरलंय. वर्गात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चारही घरांतली मुलं आहेत आणि बरीच इंग्रजी माध्यमातून आलेली. म्हणून माहितीचं एक पान मराठीत आणि एक इंग्रजीत करतेय. मराठी पान झालं. इंग्रजी पान एका शब्दापाशी थांबलंय.

ज्यांना ठिकाण माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मंगळवेढ्याच्या वाटेवर भीमेच्या काठी माचणूरचं सिद्धेश्वराचं देऊळ आहे, शेजारी किल्ला आहे आणि जवळच ब्रह्मपुरी. औरंगजेबाची मुख्य छावणी १६९५ ते १६९९ अशी चार वर्षं इथं होती. तिचं नाव त्यानं इस्लामपुरी ठेवलं होतं. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा हाती लागलेल्या महाराणी येसूबाई आणि लहानगे शाहूराजे याच छावणीत होते. शाहूंचा जन्म १६८२ चा, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंतचा त्यांचा काळ आपल्या जिल्ह्यात, नदीच्या या वळणावर गेला. माझ्या वर्गातली मुलं साधारण त्याच वयाची आहेत, म्हणून मला हे पान नीट व्हायला हवंय.

अडचण अशी की इंग्रजी पुस्तकांत त्यांना कुठं प्रिझनर म्हटलंय, कुठं कॅप्टिव्ह, कुठं होस्टेज. कधी कधी एकाच पानावर तिन्ही. मराठीत मी 'मोगलांच्या कैदेत' असं लिहून मोकळी झाले, पण इंग्रजीत यातला कुठला शब्द बरोबर? विशेषतः होस्टेज हा शब्द कधी वापरायचा, हे मला मुलांना सांगता यायला हवं.

पार्कचौक

मॅडम, सकाळपासनं हे वाचलालोय. मला वाटतं प्रिझनरच लिहा. अठरा वर्षं दुसऱ्याच्या पहाऱ्यात काढली, बाहेर पडायची मुभा नाही, याला कैद नाही तर काय म्हणायचं? होस्टेज म्हटलं की विमान अपहरण आठवतं, तोंडाला फडकं बांधलेली माणसं आठवतात. मुलांच्या डोळ्यांपुढं भलतंच चित्र उभं राहील.

कोर्टकचेरी

पार्कचौक, चित्र कुठलं उभं राहतं याच्या आधी शब्दाचा गाभा काय ते पाहू. मी वकिली करतो, त्यामुळं मला हा शब्द कायद्याच्या बाजूनं दिसतो.

होस्टेज या शब्दात तीन बाजू लागतातच. एक धरणारा, दुसरा धरलेला आणि तिसरा तो, ज्याच्याकडून काहीतरी करून घ्यायचंय. ओलीस धरण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संयुक्त राष्ट्रांनी १९७९ मध्ये मंजूर केला, भारत त्यात १९९४ मध्ये सामील झाला. त्यातली व्याख्या याच तिसऱ्या बाजूवर उभी आहे. माणसाला पकडून किंवा अडकवून ठेवायचं, मारण्याची, इजा करण्याची किंवा तसंच अडकवून ठेवण्याची धमकी द्यायची आणि त्या जोरावर एखाद्या सरकारला, संस्थेला किंवा व्यक्तीला काही करायला किंवा न करायला भाग पाडायचं.

आपल्या दंडसंहितेत १९९३ मध्ये कलम ३६४-अ आलं, त्याचाही रोख हाच होता. आता भारतीय न्याय संहितेत ते १४० च्या दुसऱ्या पोटकलमात आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये स्पष्ट केलं की नुसतं अपहरण सिद्ध होऊन या कलमाखाली शिक्षा होत नाही. धमकी किंवा जिवाची भीती वाटावी असं वर्तन आणि त्यामागची मागणी, हेही सिद्ध व्हावं लागतं.

म्हणून माझा साधा प्रश्न असतो: या माणसाला धरून कुणाकडून काय हवंय? उत्तर 'दुसऱ्या कुणाकडून तरी' असं आलं तर होस्टेज. कैदी हा त्यानं स्वतः केलेल्या किंवा केल्याचा आरोप असलेल्या गोष्टीसाठी आत असतो, युद्धकैदी शत्रूच्या फौजेत होता म्हणून. या दोघांना सोडायचं की नाही हे तिसऱ्या माणसानं पैसे भरण्यावर ठरत नाही.

कॅप्टिव्ह हा यातला सगळ्यांत मोकळा शब्द. लॅटिनमधल्या 'धरणे' या अर्थाच्या धातूपासून आलेला. का धरलं, कुणी धरलं, कायद्यानं धरलं की जुलमानं, यातलं तो काहीच सांगत नाही. म्हणून तो कुठंही चालतो आणि म्हणूनच फारसं काही कळवत नाही.

मोडीवाचक

वकीलसाहेबांची कसोटी मला पटली. ती शाहू-येसूबाईंना लावली की सगळं प्रकरण दोन तुकड्यांत पडतं. भीमाकाठ ताई, तुम्ही एक शब्द शोधताय, पण तुम्हाला दोन लागणार आहेत.

पहिला तुकडा १६८९ ते १७०७. दुसरा १७०७ ते १७१९. दुसरा आधी घेतो, कारण तो सरळ आहे. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. त्याचा मुलगा आझमशाह गादीसाठी उत्तरेकडं निघाला, शाहू त्याच्या लष्कराबरोबर होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात भोपाळच्या अलीकडं-पलीकडं शाहूंना जाऊ दिलं. पण येसूबाई, सावत्र भाऊ मदनसिंग आणि शाहूंच्या घरची माणसं मागं ठेवून घेतली. का? शाहूंनी दक्षिणेत जाऊन मोगलांशी इमानानं राहावं म्हणून. इथं तिन्ही बाजू स्पष्ट आहेत. धरणारे मोगल, धरलेल्या येसूबाई, आणि ज्यांचे हात बांधायचे होते ते स्वतः छत्रपती शाहू. याला इंग्रजीत होस्टेजच म्हणायचं आणि मराठीत ओलीस. दुसरा शब्दच नाही.

पहिल्या अठरा वर्षांचं मात्र तसं नाही. सात वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईला विजयात मिळालेली राजघराण्यातली माणसं म्हणून धरलं. शाहूंना राजा हा किताब आणि सात हजारांची मनसब दिली. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिनं त्यांच्याकडं लक्ष दिलं. हा तुरुंग नव्हता, पण बाहेरचा रस्ताही नव्हता. इथं मी कॅप्टिव्ह म्हणेन.

अक्कलकोट रोड

मोडीवाचक काका, पहिल्या भागाबद्दल माझं मत वेगळं आहे. औरंगजेबानं शाहूंना अठरा वर्षं कशासाठी सांभाळलं? मराठ्यांवर दाब ठेवायलाच ना? मग तेही ओलीसच झाले. १७०३ च्या सुमारास शाहूंच्या सुटकेवरून मराठा सरदारांशी बोलणी झाली आणि फिसकटली, हे आपण शाळेतही वाचलंय. सुटकेवरून बोलणी होतात म्हणजे तिसरी बाजू आलीच.

मोडीवाचक

मुद्दा चांगला आहे आणि यातच या शब्दाचं खरं मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ओलिसाची किंमत धरणाऱ्याच्या मनावर ठरत नाही. ज्याच्यावर दाब आणायचा त्याला ते माणूस किती हवंय, यावर ती ठरते. आता १६८९ नंतर मराठ्यांकडं कोण होतं? राजाराम महाराज. ते जिंजीला गेले, तिथून राज्य चालवलं, आणि १७०० मध्ये सिंहगडावर वारले. त्यांच्यामागं महाराणी ताराबाईंनी आपल्या मुलाला, दुसऱ्या शिवाजीला गादीवर बसवून लढा चालवला. शाहू परत आले तर गादीवरचा थोरला हक्क त्यांचा. ताराबाईंच्या दृष्टीनं शाहू सुटणं ही अडचणच होती, आणि १७०७ मध्ये ते सुटून आल्यावर खेडला दोन्ही पक्षांत लढाई झालीच. म्हणजे औरंगजेबाच्या हातात शाहू होते, पण त्यांच्या जोरावर कुणाला वाकवावं असा माणूसच समोर नव्हता. शाहूंना धरून ठेवल्यामुळं ना एक गड मिळाला, ना लढाई थांबली.

१७०३ मध्ये त्यानं त्यांचा ओलीस म्हणून उपयोग करू पाहिला, हे तुमचं बरोबर. पण करू पाहणं आणि होणं यात फरक आहे. उलट १७०७ मध्ये आझमशाहानं ज्याला सोडलं त्याचीच आई ठेवून घेतली. ती पकड घट्ट बसली. शाहूंनी पुढं मोगलांशी उघड वैर न घेता सांभाळून राजकारण केलं, त्याच्या कारणांत आई दिल्लीत आहे हेही एक होतं, असं मला वाटतं.

अक्कलकोट रोड

हे पटलं. एकच माणूस आधी कॅप्टिव्ह, मधे सौद्यातला मोहरा आणि शेवटी दुसऱ्याच्या ओलिसामुळं बांधलेला, असं झालं. पुस्तकवाल्यांचा गोंधळ होतो तो यामुळं.

पार्कचौक

वकीलसाहेब, मग ओलीस ठेवणं हा गुन्हा आहे की नाही? शाहू-येसूबाईंच्या काळी राजेरजवाडे हे उघड करत होते असं दिसतंय.

कोर्टकचेरी

त्या काळी तो करारातला रिवाज होता. आमच्या विषयातला पहिला ठळक दाखला म्हणजे १६६५ चा पुरंदरचा तह. तेवीस किल्ले द्यायचे ठरले आणि तहाच्या अटी पुऱ्या होईपर्यंत आठ वर्षांचे संभाजीराजे मिर्झाराजे जयसिंगाच्या छावणीत जाऊन राहिले. पळवून नेलं नव्हतं, महाराजांनी स्वतः पाठवलं होतं. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणचा तह झाला तेव्हा टिपू सुलतानाचे दोन मुलगे खंडणीचे हप्ते फिटेपर्यंत कॉर्नवॉलिसच्या ताब्यात दिले गेले. ते १७९४ मध्ये परत गेले. त्या युद्धात मराठेही इंग्रजांच्या बाजूनं होते.

इंग्रजीत होस्टेज हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला तोही तारण या अर्थानंच. पोरं तारण ठेवायची, कर्ज फिटलं की न्यायची. जिनिव्हा करारांनी १९४९ मध्ये युद्धात ओलीस घेण्यावर बंदी घातली. आज कुठलंही सरकार कायद्यानं ओलीस ठेवू शकत नाही. शब्द तोच राहिला, पण तहाच्या कागदातून उठून तो आरोपपत्रात गेला.

मोडीवाचक

मराठीत ही वाटचाल क्रियापदांवरून दिसते. जुन्या वापरात ओलीस देतात, ठेवतात, माणूस ओलीस राहतो. देणारा आणि ठेवून घेणारा दोघांच्या संमतीचा तो व्यवहार. आज आपण ओलीस धरतो. धरणं आलं तिथं जबरदस्ती आली. तुमच्या मुलांना हे सांगा ताई: संभाजीराजे ओलीस राहिले, विमानातले प्रवासी ओलीस धरले गेले. दोन्हीकडं इंग्रजीत होस्टेज, पण मराठी क्रियापद फरक दाखवतं. इंग्रजीला तो दाखवायला वेगळं वाक्य करावं लागतं.

आणखी एक शेजारचा शब्द आहे, जामीन. आज जामीन म्हटलं की कोर्टातली सुटका आठवते, पण मुळात जामीन हा माणूस असतो. १६६६ मध्ये शिवाजी महाराज आग्र्याला होते तेव्हा रामसिंगानं त्यांच्याबद्दल बादशहाला हमी लिहून दिली. तो जामीन झाला. महाराज स्वतः होते नजरकैदेत. फुलादखानाचे पहारे होते, पण बेड्या नव्हत्या. जामीन शब्दानं बांधला जातो आणि मोकळा फिरतो. ओलीस देहानं बांधला जातो.

भीमाकाठ

मोडीवाचक काका, कोर्टकचेरी सर, हे फारच उपयोगी आहे. मुलांना मी नजरकैदेचा मुद्दा आग्र्यावरून सांगेन. तो त्यांना लगेच कळेल, कारण पेटाऱ्यांची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. विमानाचं उदाहरण १९९९ चं कंदाहारचं घेऊ का? मुलांचा तेव्हा जन्मही नव्हता.

उपसंपादक

घ्या की. काठमांडूहून दिल्लीला येणारं विमान २४ डिसेंबर १९९९ ला पळवलं, अमृतसर, लाहोर, दुबई करत कंदाहारला नेलं आणि ३१ डिसेंबरला तीन अतिरेक्यांना सोडल्यावर प्रवासी सुटले. प्रवाशांशी अपहरणकर्त्यांचं काही वैर नव्हतं. मागणी भारत सरकारकडं होती. वकीलसाहेबांच्या तीन बाजू यात बोटानं दाखवता येतात.

मी दैनिकात बातम्या संपादित करतो, म्हणून माझ्या टेबलावरचं सांगतो. गावाकडून येणाऱ्या बातमीत ओलीस हा शब्द सैल पडलाय. ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाला कोंडलं की 'ग्रामसेवकाला ओलीस धरलं'. पाणी सुटलं नाही म्हणून बायकांनी अभियंत्याला घेराव घातला की 'अभियंता ओलीस'. सभागृहाचं काम बंद पाडलं की 'सभागृह ओलीस'. माझं मत असं की पहिल्या दोन बातम्यांत हा शब्द काढावा. अभियंत्याला अडवलंय ते त्याच्याचकडून पाणी सोडून घ्यायला. तिसरा कुणी नाही. त्याला घेराव म्हणा, कोंडलं म्हणा. घेराव हा आपल्या चळवळींनी कमावलेला शब्द आहे, इंग्रजी शब्दकोशांनीही तो उचललाय. हक्काचं पाणी मागणाऱ्या बायकांना अतिरेक्यांच्या शब्दात बसवू नये, असं मला मनापासून वाटतं.

कोर्टकचेरी

उपसंपादक, पूर्ण सहमत. फक्त एक जोड देतो. घेरावातही माणसाला जाऊ न देणं हे बेकायदा अडवणं-कोंडणं ठरू शकतं, न्याय संहितेत १२६ आणि १२७ ही कलमं त्यासाठी आहेत. पण त्याची शिक्षा आणि खंडणीसाठी अपहरणाची शिक्षा यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खंडणीच्या कलमात फाशी किंवा जन्मठेपेपर्यंत जातं. बातमीतला एक शब्द लोकांच्या मनात आरोप एका खणातून दुसऱ्या खणात नेतो.

काळी रान

मी करमाळ्याकडचा. तुमच्या चर्चेत आमच्याकडचं एक येऊ दे, कारण ते इतिहासातलं नाही, हंगाम आला की घडतं.

ऊसतोडीला माणसं मिळावीत म्हणून वाहतूकदार मुकादमाला उचल देतो, मुकादम टोळीला देतो. हंगामाच्या तोंडावर टोळी दुसरीकडं गेली किंवा आलीच नाही तर पैसे अडकतात. मग मुकादमाच्या घरचं एखादं माणूस गाडीत घालून नेतात. भाऊ, पोरगा, जो सापडंल तो. घरी फोन जातो, पैसे आणा आणि माणूस न्या. उलटीकडं टोळीतली माणसं फडातनं निघाली की त्यांना कोपीवरच डांबून ठेवतात, उचल फिटंस्तवर हलायचं नाही.

आमच्याकडं दोन्हीला 'डांबलं' म्हणतात. तुमच्या हिशोबानं पहिलं ओलीस झालं, कारण धरलंय भावाला आणि पैसे हवेत मुकादमाकडनं. दुसरं काय?

कोर्टकचेरी

दुसरं वेठबिगारी. कर्जापोटी माणसाला कामावर बांधून ठेवणं. त्याविरुद्ध १९७६ चा कायदा आहे, त्यानुसार असं कर्ज फेडायची जबाबदारीच संपते. इंग्रजीत त्याला बॉन्डेड लेबर म्हणतात, होस्टेज म्हणत नाहीत.

काळी रान, तुम्ही जे पहिलं सांगितलंत त्याला गावात 'व्यवहारातला वाद' समजून मिटवतात. हा खंडणीसाठी अपहरणाचा प्रकार आहे. पैसे खरोखर देणं असले तरी माणूस धरून वसूल करायचा हक्क कुणाला नाही, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. फिर्याद देताना 'डांबून ठेवले' एवढंच न लिहिता, कुणाला फोन केला, काय धमकी दिली, किती मागितले, हे लिहून घ्यायला लावा. कलम त्यावर ठरतं.

काळी रान

हे आमच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतो सर. लोकांना खरंच माहीत नाही.

तारेपलीकडचा

मी सोलापूरच्या सेटलमेंट भागातला. वरचं सगळं वाचलं. मॅडम मुलांना कॅप्टिव्ह शब्द शिकवणार असतील तर सोलापुरातलं सगळ्यांत मोठं उदाहरण माचणूरला नाही, शहरातच आहे.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी तो उत्तरेकडं होता, १९११ च्या कायद्यानं देशभर लागू करायची सोय झाली, १९२४ मध्ये नवा एकत्र कायदा आला. त्याखाली पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा जमातींतल्या माणसांना तारेच्या कुंपणात वसवलं. सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींतली. गिरण्यांना कामगार हवे होते, माणसं आतून गिरणीत जायची आणि परत आत यायची. हजेरी द्यायची. बाहेरगावी जायचं तर पास काढायचा. माझ्या आजोबांचा जन्म तारेच्या आत झाला. त्यांनी काय केलं होतं? जन्म घेतला होता.

आता इंग्रजांनी त्यांना काय म्हटलं ते बघा. सरकारी अहवालांत कुंपणाच्या जागेला सेटलमेंट आणि आतल्या माणसाला सेटलर. इंग्रजीत सेटलर म्हणजे जो स्वतःच्या मर्जीनं जाऊन नवी जमीन धरतो तो. अमेरिकेत, आफ्रिकेत गोरे गेले ते सेटलर. इथं ज्यांना पालं उचलून आणून कुंपणात घातलं तेही सेटलर. कोर्टकचेरी सरांच्या कुठल्याच खणात आम्ही बसत नाही. गुन्हा सिद्ध नाही म्हणून कैदी नाही. युद्ध नाही. कुणाकडून काही मागायचं नव्हतं म्हणून ओलीस नाही. पण धरलेलं होतं, पिढ्यान्‌पिढ्या. कॅप्टिव्ह शब्द काहीच कळवत नाही असं सर म्हणाले. आमच्याबाबतीत तो लिहिला असता तर खूप कळलं असतं.

मुंबई प्रांतानं १९४९ मध्ये कायदा रद्द केला आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून आम्ही विमुक्त. आमच्या लेकरांना अजून 'सेटलमेंटचा का?' असं विचारतात तेव्हा विचारणाऱ्याला त्या शब्दात काय दडलंय ते ठाऊक नसतं.

कोर्टकचेरी

तारेपलीकडचा, तुम्ही कॅप्टिव्ह शब्दाची जी बाजू मांडलीत ती पूर्ण मान्य. धरणाऱ्यानं दिलेलं नाव घेण्यापेक्षा तो मोकळा शब्द खरा. विमुक्त या शब्दाला अर्थ येतो तोही आधी कॅप्टिव्ह होतं हे मान्य केल्यावरच. सुटका झाली असं म्हणायचं तर आधी धरलं होतं हे म्हणावं लागेल.

उपसंपादक

माझ्या डेस्कवर यापुढं सेटलमेंट भागाची बातमी येईल तेव्हा मी हे लक्षात ठेवणार. भागाचं नाव म्हणून ते राहील, पण इतिहास लिहिताना 'वसाहतीत राहत होते' असं न लिहिता 'वसाहतीत डांबले होते' लिहिलं पाहिजे.

एक शंका कोर्टकचेरींना. पोलिसांकडून बातमी येते, 'एमपीडीएखाली स्थानबद्ध, येरवड्याला रवानगी'. इंग्रजी पत्रकात त्याला डेटेन्यू लिहितात. हा कैदीच ना?

कोर्टकचेरी

कैदी म्हणू नका. तुरुंगात असतो, पण त्या आदेशासाठी खटला चाललेला नसतो. पुढं गुन्हा करू नये म्हणून प्रशासनानं अडवून ठेवलेला माणूस तो. महाराष्ट्राचा हा कायदा १९८१ चा, जास्तीत जास्त बारा महिने ठेवता येतं आणि सल्लागार मंडळापुढं प्रकरण जातं. डेटेन्यू हा शब्द आपल्याकडच्या निकालपत्रांत रोजचा आहे. मराठीत स्थानबद्ध हा शब्द नेमका आहे, तोच वापरा. तुरुंग विभाग बंदी म्हणतो आणि पुढं भेद करतो: न्यायाधीन बंदी, सिद्धदोष बंदी, स्थानबद्ध बंदी. बोलीत कच्चा कैदी, पक्का कैदी. आत असलेल्या सगळ्यांना बातमीत 'गुन्हेगार' लिहिण्याची सवय मात्र मोडायला हवी. कच्च्या कैद्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचाय.

पार्कचौक

मग आपले चार हुतात्मे? १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. त्यांना इंग्रज कागदात काय म्हणत असतील?

कोर्टकचेरी

त्यांच्यावर खटला चालवून शिक्षा दिली होती, म्हणून इंग्रजांच्या कागदात ते कॉन्व्हिक्ट, सिद्धदोष. सोलापूरनं त्यांना हुतात्मा म्हटलं आणि चौकात उभं केलं. त्यांना ओळखताना आपण आपलाच शब्द वापरावा. इंग्रजी पानावर मार्टर लिहा, आणि शिक्षेचा उल्लेख करायचा तर 'ब्रिटिश न्यायालयानं शिक्षा दिली' असं कर्त्यासकट लिहा. शिक्षा कुणी दिली हे वाक्यात असलं की वाचणाऱ्याला बाकीचं कळतं.

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इंग्रजी पान आता असं करतेय: १६८९ ते १७०७ साठी शाहू आणि येसूबाई दोघांना कॅप्टिव्ह, सोबत एक ओळ की मनसब होती पण सुटका नव्हती. १७०७ ते १७१९ साठी येसूबाईंना होस्टेज, आणि कुणावर दाब ठेवण्यासाठी, तेही त्याच वाक्यात. प्रिझनर हा शब्द पानावर येणार नाही.

तारेपलीकडचा दादा, तुम्ही लिहिलंत त्यावर मी वर्गात वेगळा तास घेणार आहे. सहल माचणूरची असली तरी त्याआधी मुलांना आपल्या शहरातल्या तारेबद्दल कळायला हवं. तुमच्या भागातले कुणी वडीलधारे बोलायला तयार असतील तर मी त्यांना महाविद्यालयात बोलावीन, मानानं.

तारेपलीकडचा

आहेत ना मॅडम. एक आजी आहेत, त्यांना हजेरीची घंटा आठवते. त्यांना विचारून कळवतो.

मोडीवाचक

ताई, पानाबद्दल शेवटचं एक. येसूबाईंच्या वाक्यात नुसतं 'रिलीज्ड इन १७१९' लिहू नका, त्यातून मोगलांनी दया केली असं वाटतं. सय्यद हुसेन अलीशी शाहूंचा जो करार ठरला त्यात स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखी यांच्याबरोबर घरच्या माणसांना परत पाठवायचं हीसुद्धा अट होती. बाळाजी विश्वनाथ फौज घेऊन दिल्लीला गेले आणि सनदांबरोबर येसूबाईंना घेऊन साताऱ्याला आले. रायगड पडला तेव्हापासून जवळजवळ तीस वर्षं झाली होती. 'करारान्वये परत आणलं' असं लिहा आणि आणणाऱ्यांचं नाव घाला.